मागं चालणारा पाय

घोटावड्याच्या रस्त्याला दोन कारखान्यांच्या भिंतींमध्ये भाताचं एक खाचर अजून शिल्लक आहे. मालकानं ते का विकलं नाही मला ठाऊक नाही, आणि मी विचारायलाही जात नाही. विचारलं की माणसं विकायचा विचार करायला लागतात. आषाढात त्या खाचरात सहा-सात बायका लावणीला उतरतात, आणि मी रिक्षा थांबवते. रिक्षावाला वैतागतो. वैतागू दे बापडा. साठी ओलांडलेल्या बाईनं कुठं थांबायचं ते तिचं तिनं ठरवावं. बायका काय बोलतात, काय गातात, इकडं माझं लक्ष नसतं. मी त्यांचे पाय बघते. वाकलेल्या अंगाखाली ते पाय चिखलातून एकेक पाऊल मागं सरकत असतात. एकही बाई वळून बघत नाही, तरी बांध कुठं आला ते तिच्या टाचेला कळतं.

हे बघायला मी फार उशिरा शिकले. जन्म पौडचा, वाढले पौडला, शाळेच्या वाटेवर दोन्ही बाजूंना खाचरं. सतरा पावसाळे ती लावणी मी डोळ्यांसमोरून जाऊ दिली. आमचं दुकानदाराचं घर. अब्बांचं पौडच्या बाजारपेठेत लोखंडी सामानाचं दुकान होतं: खिळे, दोर, घमेली, कंदील, सायकलीच्या ट्यूबा. चिखल आमच्या दारापर्यंत यायचा तो गिऱ्हाइकांच्या पायांना लागून, आणि अम्मी तो धुऊन टाकायची. असल्या घरातली मुलगी पुण्याला जाऊन इंजिनिअरिंग शिकायला लागली याचंच गावात केवढं अप्रूप. मलाही होतं, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या वर्षानंतर दोन महिने कुठंतरी ट्रेनिंग करावं लागे. वर्गातली मुलं पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत गेली. मला तीन ठिकाणांहून एकच उत्तर आलं: मुलींसाठी सोय नाही. कसली सोय, ते कुणी सांगेना. मी इतकी चिडले की मिळेल ते ट्रेनिंग करीन पण करीनच, असं ठरवून बसले. तेव्हा पौडच्या बाहेर, नदीच्या अंगाला, कृत्रिम पाय तयार करणारं एक लहानसं केंद्र होतं. पत्र्याखाली तीन खोल्या, एक भट्टी, एक लेथ आणि भिंतीवर ओळीनं टांगलेले पाय. माझ्या घरापासून चालत वीस मिनिटं. मैत्रिणी म्हणाल्या, हे कसलं ट्रेनिंग, माहेरीच तर राहायचं.

आणि त्याच केंद्रात त्याच आठवड्यात हॉलंडहून आनेके आली. तीही इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, तीही ट्रेनिंगला. आमच्याकडचे लोक शिकायला परदेशी जातात. ही गेली, आणि तिचा परदेश निघाला आमचं पौड. राहायला आमच्याच घरी, दुकानावरच्या खोलीत. इतकी उंच, की दाराच्या चौकटीला रोज कपाळ आपटायची आणि रोज चौकटीची माफी मागायची. अम्मीला ती त्यासाठीच आवडली.

आनेकेचं निम्मं लक्ष पायांत आणि निम्मं रानात. गळ्यात दुर्बीण, पिशवीत पेन्सिली आणि चित्रांची वही. सुट्टीच्या दिवशी ताम्हिणीकडं जाणाऱ्या पहिल्या एसटीत मला कोंबून ती रानात न्यायची. धुक्यात झाडांच्या शेंड्यांवरून शेकरू उड्या मारत जायचं, कातळावरून पाणी गळत असायचं, आणि कुठूनतरी शीळ घातल्यासारखा आवाज यायचा. ती विचारायची, याला काय म्हणतात? मी म्हणायचे, पक्षी. एकदा झाडीत काहीतरी भुंकलं, मी "हाड, हाड" करत दगड उचलला, तर ते निघालं भेकर, हरणाच्या जातीचं. आनेके पोट धरून हसली. मला मात्र ते लागलं. हजारो मैलांवरून आलेल्या पोरीला माझ्या रानातलं जनावर कळतं, आणि मी त्याला कुत्रं समजते.

नावं सांगायला ठकूमावशी होती. आमची खरी गोष्ट तिचीच.

ठकूमावशी नदीपलीकडच्या वाडीची, चाळिशीची. तिचा मालक मुंबईला गोदीत, घरात धाकटी जाऊ आणि दोन म्हशी. दोन वर्षांपूर्वी उतारावर बैलगाडी कलंडली आणि तिचा डावा पाय चाकाखाली सापडला. जखम चिघळली, गुडघ्याखालून पाय काढावा लागला. केंद्रात ती कुबडीवर आली आणि बाकड्यावर बसायच्या आधीच म्हणाली, "मला चालायला पाय नको. चालायला ही कुबडी हाय. मला लावणीला पाय पायजे."

यामागं काय होतं, ते समजायला मला वेळ लागला. वाडीत लावणी मजुरीनं होत नसे, सावडीनं होई. आज सगळ्याजणी तुझ्या खाचरात, उद्या सगळ्या माझ्या. जिनं दुसरीच्या चिखलात दिवस घातला, तिच्या चिखलात दुसरी येणार. ठकूमावशीचा पाय गेल्यावर दोन वर्षं बायका तिच्या खाचरात न बोलावता येत होत्या आणि तिच्याकडून उलटा दिवस मागत नव्हत्या. ती घरी भाकऱ्या थापायची, बांधावर पाठवून द्यायची आणि आपण दारात बसून बघायची.

"मग चांगल्याच आहेत की बायका," मी म्हणाले.

"चांगल्या हायेत म्हनूनच तर," ती म्हणाली. "भांडत न्हाईत माझ्याशी. आदी सोना माझ्याशी पान्यावरनं भांडायची, बांदावरनं भांडायची. आता म्हनती, असूं दे ठकू, तू बस. दोन वरीस झाली, समदी मला बस म्हनत्यात."

सोनाबाई ही तिची शेजारीण. वाडीच्या सावडीत पहिलं खाचर नेहमी सोनाबाईचं. ठकूमावशीनं तिला सांगून टाकलं होतं, यंदा मी येणार. सोनाबाई बरं म्हणाली, आणि ज्या आवाजात म्हणाली तो आवाज मावशीच्या मनात घर करून बसला होता. आजारी माणसाला जसं बरं म्हणतात तसं.

आम्ही कामाला लागलो. आनेकेनं तिच्या कॉलेजातून आणलेली मापं होती, टाच टेकण्यापासून बोटांनी रेटा देईपर्यंतची सगळी आकृत्यांत बसवलेली. मी लाकूड तासायला, रबर भट्टीत घालायला शिकले. त्या वर्षी रोजे पावसाळ्यातच आले होते. भट्टीपाशी उभं राहून घसा कोरडा पडायचा आणि बाहेर पाऊस कोसळत असायचा. मावशी आली की आधी विचारायची, "पोरी, तुजा उपास हाय न्हवं?" आणि केंद्रातला चहा माझ्या पाठीमागं बसून प्यायची.

आपण फार हुशार आहोत असं आम्हा दोघींना वाटत होतं. पाय फरशीवर तपासला, मुरमावर तपासला, पायऱ्यांवर तपासला. तेवढ्यावर न थांबता खाचरातला चिखल अब्बांच्या दुकानातल्या घमेल्यांनी वाहून आणला आणि केंद्राच्या आवारात खड्डा भरला. ठकूमावशी त्या चिखलातून या टोकापासून त्या टोकाला दोनदा चालत गेली. आनेकेनं टाळ्या वाजवल्या. केंद्राचे प्रमुख, त्यांना सगळे सरच म्हणत, त्यांनी फोटो काढला. पाय पायासारखाच दिसत होता, नखंसुद्धा कोरलेली. मी त्या दिवशी घरी जाऊन अम्मीला सांगितलं की आमचं काम झालं.

दोन दिवसांनी मावशी म्हणाली, खाचरात बघू. तिचंच वरचं छोटं खाचर, चिखलणी झालेलं. पाऊस तिरका लागत होता. ती बांधावरून उतरली, पाच-सहा पावलं ठणठणीत चालली, मधोमध पोचली. आम्ही बांधावर एकमेकींकडं बघून हसलो. मग ती वाकली. डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्या हातानं चार काड्या चिखलात रोवल्या आणि मागं सरली. टाच नांगरासारखी चिखलात घुसली. तिनं पाय ओढला, पाय येईना. पट्टे सुटले, पाय चिखलात उभा राहिला आणि ती मागच्या मागं खाली बसली.

आम्ही धावलो. आनेके गुडघ्यापर्यंत रुतली, मी तर आपटून हात कोपरापर्यंत आत. ठकूमावशी चिखलात बसून होती आणि तोंडावरचं पाणी पुसत होती.

"मागं कशाला गेलीस?" मी विचारलं. देवाशप्पथ, हे मी विचारलं.

तिनं हातातली रोपांची मूठ माझ्यापुढं धरली. "अगं, लावणी पुडं कुनी करतं का? पुडं गेलं तर लावलेलं तुडवशील की."

"मग केंद्रात का नाही सांगितलंस?"

"तुमी चाल म्हनलात, मी चालले. लाव म्हनला असतात तर लावलं असतं."

आनेकेला हे मी इंग्रजीत सांगितलं. तिच्या देशात भात पिकत नाही, तिला माफ होतं. मी काय सबब सांगणार होते? त्या चिखलात उभी राहून मला इतकी लाज वाटली की रडूच आलं, आणि पावसात ते कुणाला दिसलं नाही याचा आनंद झाला. अजून आठवलं तरी कानशिलं गरम होतात. पुढं आयुष्यभर कारखान्यांत मी ड्रॉइंगं तपासली. समोरचा इंजिनिअर कितीही पदव्यांचा असो, त्याला मी आधी विचारते, हे वापरणाऱ्याला वापरताना बघितलंस का? तो म्हणतो, विचारलंय मॅडम. मी म्हणते, विचारून चालत नाही.

सोनाबाईच्या लावणीला पाच दिवस होते. रोपं तयार होती, ती कुणासाठी थांबत नाहीत. सर म्हणाले, रुग्ण चालते आहे, आपलं काम संपलं, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी आनेके नसणार होती, मी नसणार होते. आणि ठकूमावशी अजून एक वर्ष दारात बसणार होती. मी म्हणाले, "सर, पाच दिवस द्या." ते म्हणाले, केंद्रातलं सामान मिळणार नाही. मी म्हणाले, नका देऊ. असं उलट उत्तर मी तोवर कुणालाही दिलं नव्हतं. त्यानंतर मात्र सवयच लागली.

त्या दुपारी आम्ही तिघी ठकूमावशीच्या पडवीत बसलो होतो. करायला काही सुचेना म्हणून मावशी आनेकेची वही चाळत होती. प्रत्येक पानावर तिचं चालू होतं, "ह्यो कोतवाल. ह्यो खंड्या. ह्यो चुकीचा काडला, ह्येची चोच इतकी लांब न्हाई." मी भाषांतर करायचे, आनेके निमूट खोडून दुरुस्त करायची. एका पानावर ढोकरी होती. खाचरात मान आखडून उभा राहतो तो मातकट बगळा. आनेकेनं शेजारी तिचा पाय वेगळा, मोठा काढला होता. मावशीनं त्यावर बोट ठेवलं.

"हिला मागंबी बोट हाय."

मी ते आनेकेला इंग्रजीत सांगितलं.

"पुडं तीन, मागं एक. म्हनून रुतत न्हाई. आन उचलताना बघ कदी, समदी बोटं मिटून घिती. मूठ मिटल्यावानी." तिनं हात चिखलात दाबल्यासारखा पसरला आणि वर घेताना मिटला. "मला हिचा पाय करा."

दुसऱ्या सकाळी आम्ही बांधावर पालथ्या पडून ढोकरी बघितली. अंगाखाली पाणी, पाठीवर पाऊस, दुर्बिणीच्या काचेवर थेंब. खरंच ती पाय टेकताना बोटं पसरायची आणि उचलताना एकत्र घ्यायची, म्हणून चिखल तिला धरून ठेवत नव्हता. एवढं साधं. सतरा पावसाळे ती माझ्या शाळेच्या वाटेवर उभी होती.

दुकानाच्या मागच्या खोलीत काम सुरू झालं. पहिला पाय आम्ही बिजागऱ्यांचा केला, चार बोटांना चार बिजागऱ्या. खूप देखणा झाला आणि चिखलात दोन मिनिटांत गच्च अडकला. अब्बा गिऱ्हाइकाला खिळे देता देता म्हणाले, "शमीम, बिजागरी दाराला लावत्यात. दार चिखलात उभं करत न्हाईत." मग ते स्वतःच आत आले, ट्रकच्या जुन्या टायरची एक पट्टी कापून माझ्यापुढं टाकली आणि पुन्हा गल्ल्यावर जाऊन बसले. टायर वाकतो, पण दोन्हीकडं वाकतो. आनेकेनं पट्टीवर वरच्या बाजूनं, फक्त मुळाशी, बांबूची कामटी बांधली. आता बोट खाली मिटायचं, वर मात्र वळायचं नाही. पसरलं की पसरलेलंच राहायचं, माणसाचं ओझं पेलायचं. पुढं तीन, मागं एक. ना टाच, ना नखं. अम्मीनं बघितलं आणि म्हणाली, "या अल्ला, ही तर कोंबडी."

दोनदा मागचं बोट तुटलं. एकदा पट्टा, गुडघ्याखालचा भाग जिच्यात बसतो त्या खोळीतून निसटला. आनेकेचे तळहात फुटले, माझं बोट कापलं. अब्बा इफ्तारला हाक मारायचे तेव्हा मी रबराच्या वासाचे हात धुऊन खजूर तोंडात टाकायचे आणि परत खाली उतरायचे. होईल की नाही, असं त्या पाच दिवसांत आम्ही एकदाही बोललो नाही. बोलायला वेळच नव्हता. तेव्हाच्या त्या शमीमचा मला कधीकधी हेवा वाटतो. आता मला आधी सगळं जमेल का ते बघावंसं वाटतं.

सोमवारी सकाळी सोनाबाईच्या खाचरात अकरा बायका, पाठीवर पानांची इरली. ठकूमावशी कुबडी बांधाला टेकवून खाली उतरली. तिचा पाय बघायला सगळ्या पुढं सरकल्या. मग एकजण म्हणाली, "ठकू, ढोकरी झालीस गं." मावशी म्हणाली, "व्हय. आता बेडूक संबाळा आपापलं." हशा पिकला आणि ओळ लागली.

मी बांधावर होते. ती वाकली. रोपं रोवली. मागं सरली. बोटं चिखलातून मिटून आली, मागं पसरली, टेकली. पुन्हा रोवली, पुन्हा मागं. बाकीच्यांपेक्षा ती हळू होती. तिच्या ओळीला वाक पडत होता. थोड्या वेळानं ती अकराजणींच्या मागं राहिली, म्हणजे खरं तर पुढं राहिली, कारण मागं जाणं हेच तिथं पुढं जाणं होतं. शेजारची बाई तिच्या वाट्याची चार रोपं लावायला वाकली तशी मावशी खेकसली, "हात काड. माजी वळ हाय."

दुपारी बायका बांधावर भाकरीला बसल्या. माझा रोजा, म्हणून मी जरा बाजूला सरकले. मावशीच्या गुडघ्याखाली खोळीनं कातडी सोललेली होती आणि तिथून ओघळणारं पाणी लाल झालेलं मला दिसत होतं. मी म्हणाले, मावशी, आता पुरे, तू करून दाखवलंस. ती म्हणाली, "दाखवायला आलीया व्हय मी? अर्दं खाचर राहिलंय." आणि उतरली. मग आनेके उतरली, उंच बाई दुमडून दुमडून वाकली आणि सगळ्यांनी तिची रोपं परत उपटून नीट लावली. शेवटी मीही उतरले. मागं सरताना दोनदा आपटले. ठकूमावशी एकदाही पडली नाही.

दिवस कलला तेव्हा खाचर हिरव्या ओळींनी भरलं होतं, त्यातली एक ओळ जरा वाकडी. बायका पाटाच्या पाण्यात हातपाय धूत होत्या. सोनाबाईनं दिवसभरात ठकूमावशीशी एक अक्षर काढलं नव्हतं. तिनं पदर पिळला, सगळीकडं एकदा बघितलं आणि मोठ्या आवाजात, कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "ठकू, तुजी वळ बग जरा. साप गेल्यावानी दिसतीया. माझ्या खाचराची पार वाट लावलीस."

आनेकेनं माझा हात धरून विचारलं, ती काय म्हणाली? मी सांगायच्या आधी ठकूमावशी कमरेवर हात ठेवून, त्या कोंबडीच्या पायावर ताठ उभी राहून म्हणाली, "आन तुज्या चिखलात दगडं किती ती बग आदी. उद्या माझ्या खाचरात ये, मग दावते वळ कशी असती. भाकऱ्या जाऊबाय करंल. मी खाली असनार हाय."

"येती की," सोनाबाई म्हणाली. "लवकर उट. मागल्यावानी लोळत पडू नगंस."

दोघी भांडत भांडत पांदीनं निघाल्या, बाकीच्या त्यांच्या मागोमाग. आनेकेनं पुन्हा विचारलं, भांडण झालं का? मी म्हणाले, हो. आणि रडायला लागले.